धोपेची मूठ बदलायची, पात्याला पन्हळ काढायची : आधी काय, मग काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मर्दानी खेळाच्या सरावासाठी आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी तुम्ही मराठा पद्धतीची, धोप घाटाची नवी तलवार घेतली. पातं सरळ, एकधारी, ३४ इंची, पाच मिलिमीटर जाड, एकूण वजन १ किलो ३५० ग्रॅम. मुठीत बोटं अडकतात, टोक खाली ओढतं, आणि पातं सपाट पट्टीसारखं दिसतं. मूठ ऐसपैस करून घ्यायची, मागे वजन भरायचं, पात्यावर पन्हळ (लांबीच्या दिशेनं खोलगट खाच) काढायची आणि आजोबांचं नाव घालायचं, असा बेत आहे. शिवाय घरात आजोबांची एक जुनी तलवार आहे. तिची मूठ या पात्याला बसेल का, असंही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आजोबांच्या तलवारीला हात लावू नका. ती मूठ या पात्याला बसवता येईल, कारण आपल्याकडच्या मुठी आतून पोकळ असतात आणि लाखेवर बसतात. पण बसवू नका. ती तलवार शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती पुरावस्तू आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या मुठीतली लाख, गादीखालचं जुनं कापड, परजेवर (मुठीच्या, हाताला आडोसा देणाऱ्या भागावर) हातानं झिजलेली जागा, हे सगळं एकदा निघालं की परत येत नाही. हे मी अनुभवानं सांगतोय. धंद्यात नवा होतो तेव्हा एका घराण्यातली तलवार माझ्याकडे आली होती, मूठ हलत होती. मी गॅसच्या ज्योतीवर मूठ तापवली. लाख सुटली, पण तिच्याबरोबर परजेवरचा चांदीचा बारीक वेल काळा पडून उचलला गेला आणि पात्याच्या बुडाशी चार बोटं निळा डाग चढला. मालक काही बोलले नाहीत, तलवार घेऊन गेले. आज ते काम आलं तर मी मूठ फक्त उकळत्या पाण्यात धरेन, आणि तेही हलणारी मूठ पडून तुटण्याची भीती असेल तरच. तुमच्या आजोबांच्या तलवारीला कोरड्या मऊ कापडानं पुसून, पात्याला पातळ तेलाचा हात देऊन, कोरड्या जागी ठेवा. चामड्याच्या म्यानात कायमची कोंडू नका. चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत गंजतं.

आता नव्या तलवारीकडे येऊ. तिला बदलणं यात काही वावगं नाही, उलट ही तलवारच मुळात अशा बदलातून जन्मली. गोवा, चौल अशा बंदरांतून पोर्तुगीजांनी युरोपातली सरळ पाती आणली, पुढे इतरांनीही आणली. आपल्याकडच्या कारागिरांनी त्या पात्यांची मूळची मूठ काढून टाकली आणि हाताभोवती परज असलेली आपली मूठ चढवली. पात्यावरून नाव पडलं ‘फिरंग’. अलीकडचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण म्हणजे नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारनं ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपीय, सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर (धारेच्या उलट बाजूच्या जाड कडेवर) सोन्यात देवनागरी लेख : रघूजींचं नाव, सेनासाहेबसुभा हा किताब, आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द. कोल्हापूरहून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजांना भेट गेलेली आणि जगदंबा म्हणून ओळखली जाणारी तलवारही अशीच, युरोपीय पात्यावर चढवलेली. तेव्हा पातं एकाचं, मूठ दुसऱ्याची, नाव तिसऱ्याचं, हा आपला रिवाजच आहे. फक्त त्या कारागिरांनी जे बदललं त्याला प्रत्येक ठिकाणी कारण होतं. तुम्हीही तसंच करावं, एवढाच माझा आग्रह.

पहिलं काम : पातं मुठीत कसं बसवलंय ते शोधा. रंग, नक्षी, पन्हळ हे सगळं नंतर. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच तलवारींत पात्याला मागे बारीक सळई वेल्डिंग केलेली असते आणि ती मुठीतून आरपार नेऊन नटानं आवळलेली असते. पाणी दिलेल्या (तापवून, बुचकळून कडक केलेल्या) पोलादाला वेल्डिंगचा चटका बसला की सांध्याशेजारची जागा काचेसारखी ठिसूळ होते. दिसायला काही दिसत नाही. चारशे वेळा फिरते आणि चारशे एकाव्या वेळी मुठीतून सुटते. आमच्या तालमीजवळच्या मैदानात एका पोराच्या हातातून अशी तलवार गेली. मूठ त्याच्या हातात राहिली आणि पातं सात-आठ हातांवर जमिनीत रुतलं. तिथून दोन पावलांवर बारा वर्षांची मुलं बसली होती. ते पातं मी अजून कारखान्यात टांगून ठेवलंय. नव्या माणसाला आधी तेच दाखवतो.

तपासायचं कसं? मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीनं पात्याच्या पाठीवर हलकेच ठोका. चांगला सांधा असेल तर थरथर एकसंध हातापर्यंत येते. सांधा मोकळा असेल तर आत खुळखुळ ऐकू येते, किंवा ठोका बसल्यावर हाताला दोन वेगळे धक्के जाणवतात. मागच्या कटोरीवर (मुठीच्या मागच्या टोकाच्या चकतीवर), गजाच्या (तिच्यातून मागे निघालेल्या दांड्याच्या) बुडाशी नट दिसत असेल तर तो सोडवा आणि मूठ काढून शेपटी (पात्याचा मुठीत शिरणारा भाग) उघडी पाहा. शेपटी पात्यातूनच निघालेली, बुडाशी रुंद, कोपरे गोलाई दिलेले असतील तर बाकीच्या कामाला हात घाला. वेल्डिंगची रेघ दिसली तर तिथे थांबा. ते पातं भिंतीवर शोभेल. फिरवायला नवं पातं घ्या आणि ही मूठ त्याला बसवा. त्या सांध्यावर पुन्हा वेल्डिंग करून तो मजबूत होत नाही.

पात्याचं पोलादही पाहून घ्या. लोहचुंबक चिकटतं म्हणून पातं चांगलं असं नाही, शोभेच्या तलवारींचं स्टेनलेसही बहुधा चुंबकाला चिकटतं. परजेखाली झाकला जाईल असा कोपरा घासून चकचकीत करा आणि तिथे लिंबाचा थेंब टाका. काही मिनिटांत करडा-काळा डाग पडला तर ते साधं कार्बनचं पोलाद. डागच नाही पडला तर स्टेनलेस. त्यावर फिरवण्यासाठीची मेहनत करू नका. मग टोक लाकडी फळीवर टेकवून पातं दोन-तीन इंच वाकेल इतकं दाबा, तोंड लांब ठेवून. सोडल्यावर सरळ झालं तर पाणी बरोबर चढलंय. वाकडं राहिलं तर पातं मऊ आहे, म्हणजे एक तर पाणीच दिलेलं नाही किंवा ते उतरलंय. आमच्याकडची बहुतेक पाती ट्रकच्या कमानपाट्याची असतात. ते पोलाद या कामाला उत्तम, मात्र पाणी आणि नंतरचा ताव (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलकं तापवणं) नीट दिला पाहिजे.

आता वजन. टोक ओढतंय म्हणून मागे शिसं भरायचं, हे सगळ्यांना आधी सुचतं. तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून दाखवतो. तलवार बोटावर आडवी तोलून पाहा. या मापाच्या तलवारीचा तोल परजेपासून साधारण २४ सेंटिमीटर पुढे येईल. समजा कटोरीत १५० ग्रॅम शिसं भरलं, परजेपासून १५ सेंटिमीटर मागे. तोल येतो २० सेंटिमीटरवर. बरं वाटेल. पण तलवार झाली दीड किलोची. आता उलट करा. तेवढंच १५० ग्रॅम पात्याच्या पुढच्या भागातून उतरवा, सरासरी ६० सेंटिमीटरवरून. तोल येतो साडेएकोणीसवर, आणि तलवार राहते १२०० ग्रॅमची. तोल जवळजवळ एकच, वजनात ३०० ग्रॅमचा फरक. दहा मिनिटं सराव केला की हा फरक मनगट आणि खांदा दोघांना कळतो. आणि नुसता तोल सारखा असला तरी दोन्ही तलवारी हातात सारख्या वागत नाहीत. टोकाशी वजन असलेली तलवार वळवायला जड, थांबवायला त्याहून जड. खेळात दुखापत होते ती बहुतेक न थांबलेल्या टोकानं.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी पातं हलकं करा, मग मूठ करा. उलट केलंत तर मूठ दोनदा करावी लागेल.

पातं हलकं करायचं म्हणजे पन्हळ काढायची असं तुम्ही धरून चाललाय. पन्हळ सुंदर दिसते, पण तिनं वजन फार उतरत नाही. दहा मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर खोल, साठ सेंटिमीटर लांब अशी पन्हळ दोन्ही अंगांनी काढली तर जेमतेम साठ-पासष्ट ग्रॅम निघतात, आणि तेही जास्त करून मुठीकडच्या भागातून, जिथून काढून तोलाला फारसा फायदा नाही. खरं काम जाडीच्या उतारात आहे. तुमचं पातं बुडापासून टोकापर्यंत पाचच मिलिमीटर जाड असेल, कारण ते पट्टीतून कापलेलं आहे. एखादं जुनं चांगलं पातं पाठीवरून पाहा : मुठीशी जाड, आणि टोकाकडे जाता जाता पातळ होत गेलेलं. डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण बोटांच्या चिमटीत पाठ धरून हात टोकापर्यंत ओढला की लगेच कळतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात गेलात तर तलवारी समोरून पाहून परतू नका. कपाटाच्या बाजूला जाऊन पाठ दिसते का बघा. सगळी विद्या त्या पाठीत आहे.

तुमच्या पात्याला मुठीशी पाच आणि टोकाजवळ सव्वातीन मिलिमीटर असा उतार दिला की वर हिशेबात धरलेले दीडशे ग्रॅम निघतात. पाठीवर मार्करनं दर दहा सेंटिमीटरला खूण करा, प्रत्येक खुणेला किती जाडी हवी ते लिहा, आणि व्हर्नियरनं मोजत मोजत दोन्ही अंगांनी सारखं घासा. एका अंगानं जास्त घासलं तर पातं पिळतं. ग्राइंडरवर काम करणार असाल तर हातमोजे न घालता पातं धरा. बोटाला चटका बसायच्या आत ते पाण्यात गेलंच पाहिजे. पात्यावर निळा रंग आला म्हणजे ती जागा तीनशे अंशांच्या आसपास तापली. तिथलं पाणी उतरलंय की नाही हे मूळ ताव किती दिला होता त्यावर ठरतं, आणि दुकानाच्या तलवारीला तो किती दिलाय हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं. मी अजूनही शेवटचा अर्धा मिलिमीटर कानशीनं आणि मग लाकडी ठोकळ्यावर लावलेल्या पॉलिश पेपरनं काढतो. दोन दिवस जातात. जाऊ द्यावेत. पेपर पात्याच्या लांबीच्या दिशेनं चालवा, आडवा नको. आडवे ओरखडे वाकताना तडा द्यायला जागा करतात.

उतार देऊन झाल्यावर पन्हळ काढायची हौस असेल तर काढा, पण प्रत्येक अंगाला एकच, आणि पाठीच्या जवळ. एकधारी पात्यात पाठीची बाजू जाड असते, तिथे पन्हळीला जागा मिळते. धारेकडे सरकली तर धारेमागचं बळ जातं. पन्हळीचं शेवटचं टोक गोल आणि हळूहळू वर येणारं ठेवा. चौकोनी, एकदम तुटलेलं टोक दिसलं की कारागीर नवखा हे लांबूनही ओळखू येतं, आणि पातं तडकायचं झालं तर त्याच कोपऱ्यापासून तडकतं. दोन्ही अंगांच्या पन्हळी मिळून जाडीच्या निम्म्याच्या वर खोल जाऊ नयेत. आणखी एक : पन्हळीला ‘रक्त वाहायची नाळ’ म्हणणारे भेटतील. तसं काही नाही. ती पात्याला कमी वजनात ताठपणा देते, एवढंच तिचं काम.

आता मूठ. बोटं अडकतात म्हणून पकड लांब करायची, असं तुम्हाला वाटतंय. थांबा. आधी मुठीतली गादी काढा आणि मग हात घालून पाहा. हल्लीच्या मुठींत परजेच्या आत जाड फोम आणि वरून रेक्झिन चिकटवतात. तो घामानं फुगतो आणि निम्मी जागा खातो. जुन्या मुठींत तिथे कापडाच्या घड्या आणि वर मखमल असायची, पातळ पण दाट. माझ्याकडे ‘मूठ लहान आहे’ म्हणून आलेल्या तलवारींपैकी बऱ्याचशा फक्त गादी बदलून परत गेल्या.

तरीही अडकत असेल तर मोजा. मूठ वळून चार बोटांच्या मुळांची रुंदी घ्या. मोठ्या माणसाची आठ ते नऊ सेंटिमीटर भरते. त्यात अर्धा सेंटिमीटर मिळवा. परज आणि कटोरी यांच्या मधली पकड तेवढीच हवी. जुन्या मुठी पाहून लोक म्हणतात की तेव्हाची माणसं लहान हाताची होती. मला ते पटत नाही. मूठ आखूड ठेवलेली आहे ती हात तिच्यात घट्ट बसावा म्हणून. मागे कटोरी मनगटाच्या टाचेला टेकते, पुढे परज बोटांना टेकते, आणि वार मनगटातून झटका देऊन न करता कोपर-खांद्यातून ओढून करावा लागतो. ऐसपैस मूठ केलीत तर मनगट मोकळं होईल, कटोरी प्रत्येक फेकीला मनगटाच्या हाडावर आपटेल आणि आठवड्याभरात तिथे सूज येईल. कटोरीची कड मात्र गोल करून घ्या. दुकानातल्या मुठींची ही कड पत्रा कापल्यासारखी धारदार असते.

मागचा गज ठेवा. मिरवणुकीत अडचण होते म्हणून काही जण कापून टाकतात. तो शोभेचा नाही : जड वार करायचा असेल तेव्हा दुसरा हात त्यावर येतो, आणि तलवार उभी धरून विसावताना हात त्यावर टेकतो. त्याचं टोक बोथट असू द्या, आणि तो कटोरीला पक्का बसलेला असू द्या, नुसता आट्यांवर फिरवलेला नको.

परज नवी करणार असाल तर दोन मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्रा पुरे. बोटांवरून येणारी पट्टी रुंद, कडा मागे वळवलेल्या. कडेला वळण दिलं की पातळ पत्राही ताठ होतो, वजन वाढत नाही. मुठीचे आपापसातले सांधे वेल्डिंग केले तरी चालतात, पण पातं आत जाण्यापूर्वी. पुढे पात्याच्या दोन्ही अंगांना कवटाळणाऱ्या दोन पट्ट्या ठेवाच. सरळ लांब पात्याला वाराचा सगळा धक्का मुठीच्या तोंडाशी बसतो, आणि या पट्ट्या तो चार-सहा बोटं पुढपर्यंत वाटून घेतात. खांड्याला (रुंद, सरळ पात्याच्या तलवारीला) तर पात्याच्या कडेनंही अशी लांब पट्टी नेलेली दिसते.

आणि आता सांधा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, म्हणून सविस्तर लिहितो. आजकाल सगळे इपॉक्सी भरतात. धरते चांगली, पण उद्या पात्याला काही झालं तर मूठ फोडल्याशिवाय निघणं कठीण. लाख ही जुनी रीत, आणि ती गरम करून उलटवता येते म्हणूनच मला ती श्रेष्ठ वाटते. मी चपडा लाख दोन भाग, वस्त्रगाळ केलेली विटेची पूड एक भाग आणि थोडी राळ घेतो. नुसती लाख ठिसूळ असते, पुडीनं तिला अंग येतं. जाड बुडाच्या भांड्यात मंद शेगडीवर लाख वितळवायची, फेस यायला लागला की उतरवायची. करपलेली लाख धरत नाही. पात्याला मुठीच्या जागेपासून वीतभर ओलं फडकं घट्ट गुंडाळायचं, म्हणजे शेपटी तापवताना ऊब पात्यात चढत नाही. मूठ वेगळी गरम करायची, तोंड वर करून तिच्यात अर्ध्याच्या वर लाख ओतायची आणि तापलेली शेपटी सरळ खाली दाबायची. कडेनं लाख उतू आली पाहिजे. उतू आली नाही तर आत हवा राहिली असं समजा, बाहेर काढा आणि पुन्हा भरा.

लाख घट्ट व्हायच्या आत तुमच्याकडे एखाद-दीड मिनिट असतं. तेवढ्यात तलवार खिडकीच्या उजेडाकडे धरून कटोरीकडून पाठीच्या रेषेत पाहायचं. गज, मुठीचा मध्य, पात्याची पाठ आणि टोक एका ओळीत यायला हवं. मग आडवी करून धार परजेच्या पट्टीच्या रेषेत आहे का बघायचं. ही रेघ चुकली तर वार नेहमी तिरका जाईल आणि तुम्ही दोष स्वतःच्या हाताला देत राहाल. जमलं की तलवार टोक वर करून उभी बांधायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

सरावाच्या तलवारीला मी लाखेबरोबर दोन रिबिटाही मारतो, पट्ट्यांतून आणि पात्यातून आरपार. भोकं चार मिलिमीटरची, पात्याच्या मध्यरेषेवर, एकमेकींपासून इंचभर लांब, आणि कडा कानशीनं मोडलेल्या. पाणी दिलेल्या पात्याला साधं ड्रिल लागत नाही, कार्बाइडचं लागतं. पातं गरम करून मऊ करण्याचा सोपा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका. भोकं लाख भरण्याआधी जुळवून ठेवायची आणि रिबिटा लाख थंड झाल्यावर, थंडच ठोकायच्या. रिबिटांशिवायची लाखेची मूठ मिरवणुकीला चालेल, ठोकाठोकीला नाही. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तलवार ठेवून जाऊ नका. बंद गाडी आतून इतकी तापते की लाख मऊ पडायला लागते, आणि मूठ किंचित फिरते. किंचितच, पण रेघ गेलीच.

आजोबांच्या नावाबद्दल. नाव पात्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत घालू नका, पाठीवर घाला, मुठीपासून पुढे. रघूजींच्या फिरंगीवर ते तिथेच आहे आणि मला ती जागा फार योग्य वाटते. पात्याचं अंग दर वर्षी शिकल (सफाई-पॉलिश) करताना घासलं जातं, अक्षरं दहा वर्षांत पुसट होतात. पाठ फारशी घासली जात नाही. पाच मिलिमीटरच्या पाठीवर साडेतीन मिलिमीटरचं देवनागरी अक्षर बसतं, वेलांटी-मात्रा धरून. ठोकून कोरू नका, पाणी दिलेल्या पात्यावर छिन्नीचा खोल घाव म्हणजे तड्याला आमंत्रण. पाठीवर मेण लावा, अक्षरं सुईनं मोकळी करा आणि तेवढी जागा फेरिक क्लोराइडला (धातू खाणाऱ्या रसायनाला) खाऊ द्या. हातमोजे, चष्मा, उघडी हवा, आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुणं. सोनं हवं असेल तर कोफ्तगिरी करणारा कारागीर गाठा. तो आधी पोलादावर आडव्या-उभ्या बारीक चिरा मारतो, त्या खरखरीत जागेवर सोन्याची तार दाबून ठोकतो आणि अकीकाच्या दगडानं घोटतो. उदयपूर-जयपूरकडे अजून चांगले हात आहेत. तुमचं पातं कडक असेल तर हे काम पाठीवर न करता परजेवर करून घ्या. परज मऊ लोखंडाची असते, तिच्यावर चिरा नीट बसतात आणि सोनं धरून राहतं.

जुन्या युरोपीय पात्यांवरच्या खुणा, धावता लांडगा किंवा विळ्यासारख्या दोन कमानी, नव्या पात्यावर घालून मागू नका. जर्मनीतल्या पसावचा लांडगा तिथल्याच झोलिंगेन शहरातल्या कारागिरांनी उचलला आणि इटलीतल्या जिनोआच्या कमानी आपल्याकडच्या लोहारांनीही उचलल्या, हे खरं. पण आज तशी खूण असलेली नवी तलवार चार हात फिरून ‘जुनी’ म्हणून विकली जाते, आणि फसतो तो आपलाच एखादा इतिहासप्रेमी मुलगा. त्याऐवजी शेपटीवर, मुठीत झाकली जाईल अशा जागी, सन आणि मूठ बसवणाऱ्याचं नाव कोरून घ्या. पन्नास वर्षांनी कुणी लाख सोडवली तर त्याला कळेल.

धार लावू नका. सरावाच्या तलवारीची कड दीड मिलिमीटर गोल ठेवा आणि टोकही गोल. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतात, तलवारीचं तर त्यात नावच आहे, आणि मिरवणुकीच्या दिवसांत बहुतेक शहरांत जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश असतो. मंडळाच्या परवानगीच्या अर्जात तलवारींचा उल्लेख लेखी करून पोलीस ठाण्याची पोच घ्या, तोंडी ‘चालेल’ यावर जाऊ नका.

सगळं झालं की पहिले आठ दिवस तलवार फक्त हवेत फिरवा, काठीवर किंवा ढालीवर मारू नका. रोज सराव संपल्यावर पात्याच्या पाठीवर ठोका देऊन ऐका, आणि रिबिटांच्या डोक्यांभोवती काळी बारीक पूड दिसते का बघा. पूड दिसली म्हणजे आत लोखंड लोखंडावर घासतंय. मग तलवार बाजूला ठेवा आणि मुठीचं, पट्ट्यांचं आणि पाठीच्या रेषेचं असे तीन फोटो पाठवा.